मुंबई ते हीथ्रो: नऊ तास की सव्वादहा?

आमच्या मजल्यावरच्या वहिनी नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिल्यांदाच लेकीकडे निघाल्या. लेक स्लाउला राहते, हीथ्रो विमानतळाच्या अगदी शेजारी. तिकीट एका भारतीय कंपनीचं, थेट विमान. त्यावर छापलं होतं: मुंबई पहाटे ५:२०, लंडन हीथ्रो सकाळी १०:०५, तारीख तीच. वहिनींनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "पावणेपाच तासांत लंडन? आपल्याला डोंबिवलीहून कोल्हापूरला जायला अख्खी रात्र लागते की हो!"

ही शंका सोपी होती. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. नोव्हेंबरात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे. (मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते साडेचारच तास मागे असतं, कारण उन्हाळ्यात तिकडचे लोक घड्याळ तासभर पुढे करतात.) पावणेपाच अधिक साडेपाच, म्हणजे सव्वादहा तास. वहिनींचं समाधान झालं. त्यांच्या लेकीचं झालं नाही.

ती माझी विद्यार्थिनी. मी तिला आठवी ते दहावी भूगोल शिकवला, त्यामुळे अजूनही "बाई"च म्हणते. रात्री तिचा फोन. "बाई, मी एका साइटवर दोन्ही विमानतळ टाकून बघितले. अंतर ७,२१३ किलोमीटर, विमानाला लागणारा वेळ ८ तास ५९ मिनिटं. मग आई इथल्या ८:४९ ला उतरायला हवी. तिकिटावर १०:०५ कसं? आणि मी निघू कधी? पोरीला पावणेनऊला शाळेत सोडायचं असतं." मागून जावईबापूंचा आवाज आला. त्यांनी त्याच साइटवर दिल्ली ते हीथ्रोही बघितलं होतं: ६,७३१ किलोमीटर. वहिनींचे धाकटे दीर दिल्लीला असतात. "चार दिवस काकांकडे राहून तिथूनच बसल्या तर पावणेपाचशे किलोमीटर वाचतील ना? तेवढं कमी बसावं लागेल. गुडघे दुखतात त्यांचे."

तिकीट बदलायला दोन दिवस होते. म्हणजे प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. साइट बरोबर की तिकीट, दिल्ली जवळ की मुंबई, आणि मुलीने घरातून निघायचं कधी, हे ठरवायचं होतं. निवृत्त झाल्यापासून कपाटावर धूळ खात पडलेला पृथ्वीगोल मी खाली काढला.

दोरा

वर्गात हा प्रयोग मी दरवर्षी करायचे. आधी फळ्यावर जगाचा सपाट नकाशा लावायचा आणि मुंबईपासून लंडनपर्यंत पट्टीने रेघ मारायला सांगायची. रेघ अरबी समुद्रावरून होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे जाते. मग गोलावर तेच दोन बिंदू घेऊन दोरा ताणायचा. दोरा भलतीकडेच सरकतो, खूप उत्तरेकडून जातो. मुलं म्हणायची, बाई, दोरा तिरका झालाय. दोरा तिरका नसतो, नकाशा ताणलेला असतो. भिंतीवरच्या नकाशावर उत्तरेकडचे प्रदेश फुगवून दाखवलेले असतात, त्यामुळे त्यावरची सरळ रेघ ही खरी जवळची वाट नव्हे. मी हिशेब करून पाहिला: तशी रेघ धरून उडालं तर सुमारे ७,४१० किलोमीटर पडतात. दोऱ्याची वाट ७,२१३. दोऱ्याच्या वाटेला पुस्तकात बृहद्वृत्त म्हणतात, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा.

साइटही हेच करते. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर, ०.४६ अंश पश्चिम. पृथ्वीच्या मध्यातून या दोन बिंदूंकडे रेषा काढल्या तर त्यांच्यात ६४.८७ अंशांचा कोन होतो. प्रत्येक अंशाला १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की ७,२१३ च्या आसपास येतात. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्याने अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक पडतो, तो सोडून देऊ. तेव्हा अंतरात साइटची काही चूक नाही.

वेळेचा आकडा तिने कसा काढला असेल, तेही मी उलटं गणित करून शोधलं. ७,२१३ ला ताशी ८५० ने भागलं तर ८ तास २९ मिनिटं. त्यात चढ-उतारासाठी ठोक अर्धा तास. ८ तास ५९ मिनिटं, बरोब्बर. जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांना, कुठल्याही महिन्यात, कुठल्याही दिशेला हेच सूत्र. दुसऱ्या एका साइटवर ताशी ५०० मैल धरले होते, तिथे ९ तास २८ मिनिटं आली. अंतर एकच, तरी दोन साइटींत अर्ध्या तासाचा फरक, यातच बरंच काही आलं.

दोरा कुठून गेला

मला खरं नवल वाटलं ते दोरा ज्या गावांवरून गेला त्याचं. दरवर्षी वर्गात ताणलेला हाच दोरा, पण त्याच्याखालचे देश या वेळी एकेक करून लिहून काढले.

मुंबईतून वायव्येला निघून तो गीरच्या जंगलावरून जातो. तिथून जवळजवळ थेट कराचीवर. पुढे बलुचिस्तान, मग पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि इराण या तिघांच्या सीमा मिळतात त्याच्या आसपास. पूर्व इराण ओलांडून कॅस्पियन समुद्राचा दक्षिण किनारा. कॉकेशसमध्ये जॉर्जिया. मग क्रिमियाच्या टोकाशी केर्चची सामुद्रधुनी, दक्षिण युक्रेन, मोल्दोव्हा, स्लोव्हाकिया आणि पोलंड यांची सीमा, चेकिया, जर्मनी, आणि शेवटी लंडन.

ही यादी वाचून वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही कळेल. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्याच प्रवासी विमानांना बंद. क्रिमियावरचा भाग तर २०१४ पासूनच बहुतेकांनी टाळलेला. इराणचं आकाश जून २०२५ मधल्या युद्धात बंद झालं, पुन्हा उघडलं. त्याच महिन्यात, २३ तारखेच्या रात्री, कतारच्या तळावर क्षेपणास्त्रं पडली तेव्हा कतार, बहारीन, कुवेत, अमिरातींनीही काही तास आकाश मिटून घेतलं होतं. मुंबई–लंडनची सगळ्यांत जवळची वाट ही अशी एकाला लागून एक बंद दारांची माळ आहे. साइटवर तिच्या खाली निळ्या कमानीचं सुंदर चित्र असतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपलं एकही विमान त्या कमानीवरून जात नव्हतं.

कराचीवरून दोरा गेला तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. एका इंजिनाचं पुस मॉथ जातीचं चिमुकलं विमान होतं. भारतीय विमानसेवेची सुरुवात धरतात ती ही. लंडनहून येणारं टपाल कराचीपर्यंत ब्रिटिश विमानाने यायचं आणि पुढचा टप्पा टाटांचा. म्हणजे नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वी लंडनची पत्रं मुंबईला यायची ती दोऱ्याच्या या टोकावरूनच. (लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. वहिनींची लेक दिवाळीला तिथे फराळ घेऊन जाते.) ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' पहिल्यांदा मुंबईहून लंडनला गेलं ते मात्र कैरो आणि जिनिव्हा असे मुक्काम करत. ती वाट आणखी दक्षिणेची होती. तेव्हा प्रश्न बंद आकाशाचा नव्हता, टाकीत मावणाऱ्या इंधनाचा होता.

खरी वाट आणि एक अनपेक्षित उत्तर

आता खरी वाट. विमानाचा माग दाखवणाऱ्या साइटवर मी चार दिवस त्याच विमानाच्या आधीच्या फेऱ्या पाहिल्या. मुंबईहून समुद्रावर, ओमान, आखाताची कडा, इराक, पूर्व तुर्कस्तान, काळ्या समुद्राची बाजू, रुमेनिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी, बेल्जियम, लंडन. रोज थोडी इकडेतिकडे, पण साचा हाच. मोजण्यासाठी मी मधले चार ठोकळे धरले: मस्कत, कुवेत, दियारबाकीर, बुखारेस्ट. मुंबई ते मस्कत सुमारे १,५८०, पुढे कुवेत १,२००, दियारबाकीर १,२१०, बुखारेस्ट १,३८५, हीथ्रो २,१००. बेरीज ७,४७५ च्या घरात.

मला वाटलं होतं हजारभर किलोमीटरचा वळसा निघेल. निघाला जेमतेम २६०. साडेतीन टक्के! वेळात मोजला तर सतरा-अठरा मिनिटं.

हे कसं? गोलावर दोरा पुन्हा ताणा आणि मधोमध बोट घालून बाजूला ओढा. मधला बिंदू हजार किलोमीटर बाजूला सरकवायला फक्त अडीचशे किलोमीटर जास्त दोरा पुरतो. लांबच्या वाटेला मधे फुगवटा देणं स्वस्त पडतं. मुंबईचं भाग्य असं की तिच्यासमोर पश्चिमेला मोकळा समुद्र आहे. पाकिस्तानला बगल देण्यासाठी तिला मागे फिरावं लागत नाही, निघतानाच नाक जरा डावीकडे वळवलं की झालं.

दिल्लीचं तसं नाही. दिल्लीहून लंडनची जवळची वाट वायव्येला, थेट पाकिस्तानातून. ते दार बंद म्हटल्यावर विमानाला आधी राजस्थान-गुजरातवरून नैर्ऋत्येला खाली यावं लागतं, म्हणजे लंडनकडे पाठ नाही तरी खांदा करून. समुद्र गाठला की मग मस्कतची दिशा. दिल्ली ते कराचीच्या दक्षिणेचा समुद्र १,२१५, तिथून मस्कत ९००, आणि पुढे मुंबईच्याच विमानाची वाट, ५,८९५. एकूण आठ हजार. जवळची वाट ६,७३१, म्हणजे जवळजवळ तेराशे किलोमीटर जादा. एकोणीस टक्के, दीड तास. माझे ठोकळे ढोबळ आहेत आणि वैमानिक याहून नेटकी वाट काढत असणार, पण चित्र काही बदलत नाही. फुगवटा मधे आला तर स्वस्त, दाराशीच आला तर महाग.

तेव्हा साइटवर दिल्ली मुंबईपेक्षा लंडनला पावणेपाचशे किलोमीटर जवळ, आणि आकाशात मुंबई दिल्लीपेक्षा सव्वापाचशे किलोमीटर जवळ. जावईबापूंना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "राहू द्या मुंबईचंच."

याची झळ कंपन्यांना किती बसते, त्याचा एक आकडा संसदेत सांगितला गेलेला आहे. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी ते १६ जुलै आकाश बंद ठेवलं होतं. त्यात २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटींचं नुकसान झालं. दिल्लीहून इस्तंबूलला जाणाऱ्या एका लहान विमानाला तर इंधनासाठी मधे दोहाला उतरावं लागत होतं.

वारा

दिल्ली निकालात निघाली. पण लेकीचा पहिला प्रश्न तसाच होता. वळसा फक्त सतरा मिनिटांचा, आणि साइट व तिकीट यांत फरक सव्वा तासाचा. उरलेला जवळजवळ तास कुठे गेला?

परतीच्या तिकिटाकडे बघितलं तर धागा सापडतो. डिसेंबरातलं परतीचं विमान हीथ्रोहून रात्री ८:४५ ला आणि मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११:१५ ला. साडेचौदातून साडेपाच वजा, नऊ तास. जाताना सव्वादहा, येताना नऊ. वाट तीच, विमान त्याच जातीचं. मुलांना विचारलं की हमखास एक उत्तर यायचं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून मुंबई आपणहून विमानाकडे येते. हे चूक. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. तसं नसतं तर बेडूक उडी मारून पुढच्या गावात पडला असता.

उत्तर आहे वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, विमानं उडतात त्याच थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यातली एक नदी उत्तर भारत, इराण, अरबस्तान यांच्या माथ्यावर येते. तिच्या मध्यावर वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. (१९२० च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावं म्हणून त्यांनी निबंध एस्परांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिला, आणि त्यामुळेच तो जगाने वाचला नाही.)

आता भागाकार. अकरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं. तिथे आवाजाचा वेग ताशी १,०६० किलोमीटर. मोठी विमानं त्याच्या ८५ टक्क्यांनी उडतात, म्हणजे ताशी नऊशे. पण हे नऊशे हवेच्या तुलनेत. नदीत पोहणाऱ्यासारखं आहे: हात तेवढेच मारले तरी काठावरून बघणाऱ्याला प्रवाहाबरोबरचा वेगळा दिसतो आणि प्रवाहाविरुद्धचा वेगळा. वहिनींचं विमान वायव्येला जाणार, वारा पश्चिमेचा, म्हणजे तो अगदी नाकावर नाही, तिरका. वाटेत कुठे जोराचा, कुठे हलका. पूर्ण वाटेची सरासरी मी ताशी ६० किलोमीटर विरोधात अशी धरली. हा अंदाज आहे, रोज बदलतो.

जाताना ७,४७० भागिले ८४०: ८ तास ५४ मिनिटं. येताना ७,४७० भागिले ९६०: ७ तास ४७ मिनिटं. एवढ्याशा वाऱ्याने तास-सव्वा तासाची तफावत. वहिनींना मी सांगितलं, सायकलवरून कल्याणहून येताना वारा तोंडावर असला की कसं होतं? त्या म्हणाल्या, "मी सायकल कधी चालवली नाही, पण गच्चीवर चादर वाळत घालते." तेही चालेल.

जमिनीवरची मिनिटं

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. विमानाच्या चाकांपुढे लावलेले चोक काढून ते मागे ढकललं जातं तिथपासून, दुसऱ्या टोकाला गेटवर चोक लागतात तिथपर्यंतचा हा वेळ. विमानवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. साइटच्या सूत्रात यातलं काहीच नसतं.

मुंबईचा विमानतळ याबाबतीत अवघड जागचं दुखणं आहे. त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना कात्रीसारख्या छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पहाटे पाच-साडेपाचला परदेशी जाणारी आणि येणारी विमानं एकाच पट्टीसाठी रांगेत. गेटपासून उड्डाणापर्यंत वीस मिनिटं मी धरली. उडताना विमान बहुधा समुद्राकडे, पश्चिमेलाच तोंड करून उडतं, ते आपल्या पथ्यावरच पडतं.

हीथ्रोला समांतर अशा दोन पट्ट्या आहेत, पण वर्षाला ४,८०,००० उड्डाणं-उतरण्यांची मर्यादा आहे आणि ती जवळपास भरलेली असते. रात्री साडेअकरा ते सकाळी सहा विमानांवर कडक बंधनं. म्हणून सकाळी गर्दी तुंबते. आलेल्या विमानांना लंडनभोवती चार ठिकाणी आकाशात घिरट्या घालायला लावतात: बोव्हिंगडन, लँबर्न, ऑकम आणि बिगिन. एकावर एक थर लावलेली विमानं फिरत असतात, खालचं सुटलं की वरचं एक पायरी उतरतं. दादरच्या पुलावरून गर्दी खाली झिरपते तसं. एक फेरी साधारण चार मिनिटांची. तीन फेऱ्या धरू, बारा मिनिटं. उतरल्यावर गेटपर्यंत आणखी बारा.

चढताना आणि उतरताना विमान हळू असतं, त्याची पंधरा मिनिटं. मग बेरीज अशी झाली: वारा धरून ८:५४, चढ-उतार ९:०९, दोन्हीकडची जमीन ९:४१, घिरट्या ९:५३. तिकिटावर १०:१५. राहिलेली बावीस मिनिटं ही कंपनीने राखलेली ऐस. उशीर झाला तरी कागदावर "वेळेवर" दिसावं म्हणून कंपन्या वेळापत्रकात अशी सढळ मिनिटं घालतात. मला यात फसवणूक वाटत नाही. लग्नाची पंगत साडेबाराला म्हणून सांगायची आणि एकला वाढायची, त्यातलाच प्रकार.

साइटचे ८:५९ आणि तिकिटाचे १०:१५ यांच्यातला तिढा असा सुटला. साइट अंतर बरोबर सांगत होती, पण त्या वाटेचं, जिच्यावरून विमान जात नाही. आणि वेळ सांगत होती ती वारा नसलेल्या, रांग नसलेल्या जगातली.

लेकीला मी कळवलं: गेटला ९:४३ च्या सुमारास लागेल. व्हीलचेअर सांगितली आहे, पासपोर्ट, सामान, सगळं मिळून बाहेर यायला साडेदहा. पोरीला शाळेत सोडून, चहा पिऊन, दहाला निघ.

त्या पहाटे

मी चार वाजता उठले. उगाच. मोबाइलवर विमान शोधलं. ५:२६ ला मागे ढकललं, ५:४४ ला उडालं. वांद्र्याच्या पुढे समुद्रावर गेलं आणि थोड्या वेळाने पडद्यावर रेघ तुटक झाली. वहिनींच्या यजमानांचा लगेच फोन, "अहो बाई, विमान दिसेनासं झालं." मी त्यांना समजावलं. विमान स्वतःची जागा रेडिओवरून सतत सांगत असतं आणि जमिनीवरची छोटी छोटी रिसीव्हर यंत्रं ते ऐकून साइटला कळवतात. भर समुद्रात ऐकायला कोणी नाही, म्हणून तिथे साइट अंदाजाने रेघ ओढते. ओमानजवळ ते पुन्हा उगवलं तेव्हा दोघांच्याही जिवात जीव आला. समजावणाऱ्या बाईंच्यासुद्धा.

आधी ३४,००० फुटांवर होतं. इंधन जळून वजन उतरलं तसं ३६,००० वर गेलं, युरोपात ३८,०००. पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजार, पूर्वेकडे येणाऱ्यांना विषम, म्हणजे समोरासमोर येणाऱ्या दोघांत हजार फुटांचं अंतर राहतं. इराकवर जमिनीच्या तुलनेत वेग ताशी ७९० दिसला. तिथे वारा माझ्या अंदाजापेक्षा जास्त होता. तुर्कस्तानानंतर तो कमी झाला.

घिरट्या पडल्या नाहीत, थोडीशी नागमोड घेऊन सरळ आलं. उतरलं स्थानिक ९:२४ ला, म्हणजे हवेत ९ तास १० मिनिटं. गेटला ९:३७. माझ्या हिशेबात सहा मिनिटांची चूक. यात माझ्या हुशारीपेक्षा चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं, हे मला माहीत आहे: वारा जास्त निघाला, घिरट्या निघाल्या नाहीत. कंपनीच्या खात्यात मात्र विमान अठ्ठावीस मिनिटं लवकर आलं.

बाहेर यायला १०:४० झाले. लेक १०:२० लाच हजर होती.

डिसेंबरात वहिनी परतल्या. येताना विमान ३७,००० आणि ३९,००० फुटांवर होतं, वारा पाठीशी, हवेत ८ तासांनाही चार मिनिटं कमी. मुंबईवर दहा मिनिटं फिरवलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्या शॉर्टब्रेडचा डबा घेऊन आल्या. पृथ्वीगोल अजून माझ्या टेबलावरच होता, दोऱ्यासकट. त्यांनी दोऱ्यावर बोट फिरवलं, कराचीपाशी थांबल्या, पुढे गेल्या.

"बाई, जाताना सव्वा तास जास्त बसवलंन्, येताना कमी," त्या म्हणाल्या. "मग दोन्ही बाजूंचं भाडं सारखं कसं हो?"

मी म्हटलं, "वहिनी, हे भूगोलात येत नाही."